शुक्रवारचा बँड आणि मी पोचवलेले निरोप

नाशिकला सातपूरच्या कारखान्यात माझी पहिली पाळी साडेतीनला सुटायची. एरवी मी गेटवर चहा पिऊन सावकाश घरी जायचो. शुक्रवारी मात्र तीन वाजल्यापासूनच माझे पाय टेबलाखाली हलायला लागत. मी तपासणी विभागात होतो. दिवसभर व्हर्नियर घेऊन लोखंडी बुश मोजायचे, चालतील ते एका ट्रेमध्ये टाकायचे, नाही चालत ते दुसऱ्यात. शेजारचा सहकारी म्हणायचा, "अरे, टेबल हलतंय, माझं माप चुकेल." मी पाय दाबून धरायचो आणि पाच मिनिटांत ते पुन्हा सुरू व्हायचे.

शुक्रवार आमच्या बँडचा होता. ही नव्वदीच्या मधल्या वर्षांची गोष्ट. मुंबईकडे जाणाऱ्या हायवेवर, पाथर्डी फाट्याच्या पुढे, द्राक्षबागायतदार असलेल्या एका गृहस्थांनी नवीन गार्डन हॉटेल काढलं होतं. एका बाजूला फॅमिली, दुसऱ्या बाजूला परमिट रूम आणि मधल्या हिरवळीवर आमच्यासाठी फळ्यांचं छोटं स्टेज. शुक्रवारी साडेसात ते दहा आम्ही वाजवायचो. मालक त्याला 'पब म्युझिक' म्हणायचे. मुंबईहून येणारे लोक त्या शब्दावर हसत, पण थांबत.

आम्ही चौघं होतो. गिटारवाला शरणपूर रोडचा, चर्चमध्ये वाजवत वाढलेला, हातात विलक्षण चपळाई असलेला. गायक एका बँकेत कॅशियर होता. शास्त्रीय शिकलेला, गळा असा की पहिल्या ओळीला जेवणाऱ्यांचे चमचे थांबत. ड्रमर मालेगावचा. तिथे कापडाचे माग शुक्रवारी बंद असतात, म्हणून तर आमचा वार शुक्रवार. दुपारची नमाज झाली की तो एसटी पकडायचा आणि नाशिकच्या द्वारका चौकात उतरायचा. लोक त्याला सांगायचे की मागाच्या आवाजात वाढल्यामुळे तुझा ताल पक्का. तो चिडायचा. "माग तालात नसतो भाई. माग फक्त डोकं खातो."

आणि मी बेस गिटारवर. बेस कोणी ऐकत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, ते तसंच असतं. दोन-तीन वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने माझ्याकडे येऊन काही म्हटल्याचं मला आठवत नाही. एकदा एक बाई आल्या होत्या, पण त्यांना हात धुवायची जागा विचारायची होती.

भांडण झालं ते स्टेजवरच. एका गाण्यात मधे गिटारचा तुकडा होता. गिटारवाला त्या दिवशी रंगात आला आणि तुकडा लांबवत नेला. गायकाने दोनदा त्याच्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलंच नाही, सरळ कडवं सुरू केलं. गिटारवाल्याने हात थांबवला, वाकून अँपचं बटण बंद केलं आणि हात बांधून उभा राहिला. उरलेलं गाणं ड्रमर आणि मी ओढत नेलं. टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या.

त्यानंतर दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. पण बँड कोणालाच सोडायचा नव्हता. शुक्रवारी हॉटेलात जायच्या आधी गिटारवाल्याच्या घरामागच्या खोलीत प्रॅक्टिस व्हायची, दोघं तिथे समोरासमोर उभे राहायचे आणि माझ्याकडे बघून बोलायचे. नाहीतर आठवड्यात मला गाठायचे. गिटारवाला कारखान्याच्या गेटवर यायचा, मी बँकेत पासबुक भरायला गेलो की गायक काउंटरच्या जाळीतून खाली वाकायचा.

"त्याला सांग," गिटारवाला म्हणाला, "वरचा सूर लागत नाही तर गातोस कशाला? घरी बस."

मी बँकेत जाऊन सांगितलं, "तो म्हणतोय, काळी दोनमध्ये तुझ्या गळ्यावर उगाच ताण येतो. अर्धा सूर खाली, पांढरी दोनमध्ये घेऊ या का? त्याला काही अडचण नाही."

गायकाने नोटांची गड्डी बाजूला ठेवली. "असं म्हणाला? बरं. घेऊ की." मग म्हणाला, "आता माझं पण त्याला सांग. लोक तिथे जेवायला येतात, त्याची बोटं बघायला नाही."

मी गिटारवाल्याला सांगितलं, "तुझा तुकडा सुरू झाला की लोक खायचं विसरतात असं तो म्हणतोय. ऑर्डरी अडतात. जरा आटोपशीर ठेवशील का?" गिटारवाला गालात हसला. पुढच्या शुक्रवारी तुकडा निम्मा झाला होता.

पहिल्या दोन-तीन वेळा मला भीती वाटली. नंतर मजा येऊ लागली, हे कबूल करायला हवं. स्टेजच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या माणसाच्या शब्दावर बँड चालत होता. हळूहळू मी निरोप मऊ करण्यावर थांबलो नाही. कोणी पाठवलेच नव्हते असे निरोपही पोचवू लागलो. गायक एकदा फार उदास दिसला तेव्हा मी म्हणालो, "परवा ते संथ गाणं तू प्रॅक्टिसला गायलास ना, ते ऐकून त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तोच सांगत होता." त्यानंतर ते गाणं गाताना गायक मागच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून उभा राहायचा. दारापलीकडे स्वयंपाकघर होतं.

कोणाला काय सांगितलं हे लक्षात ठेवणं अवघड होत गेलं. मी पाळीच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवायला लागलो. जेवताना पुढचा निरोप जुळवायचो. झोप उडाली, पित्त वाढलं. बायको म्हणायची, "तुम्ही ऐकत नाही आहात." खरंच नसायचो. दोघं कधी चुकून एकमेकांशी बोलतील याची मला आता भीती वाटत होती. आणि ते पुन्हा बोलू लागावेत म्हणून तर मी हे सगळं सुरू केलं होतं.

असे आठ महिने गेले.

गायकाला हेड कॅशियरची बढती मिळाली. त्या शुक्रवारी तो पेढे घेऊन प्रॅक्टिसला आला आणि मागच्या खोलीत न येता सरळ स्वयंपाकघरात गेला. गिटारवाल्याच्या आईच्या पाया पडला. आम्ही दारातून बघत होतो.

"मावशी, तुम्हाला ते गाणं आवडलं, मला फार बरं वाटलं," तो म्हणाला. "खूप दिवस सांगायचं होतं."

मावशींनी पेढा हातात घेतला. "कुठलं गाणं रे बाळा? मी कधी ऐकलं? तुमचं सुरू व्हायच्या आत मी बहिणीकडे जाते. मला नाही सोसत तो दणदणाट."

गायक वळला. आठ महिन्यांत पहिल्यांदा तो गिटारवाल्याशी थेट बोलला. "तू म्हणाला होतास ना, की आईला रडू आलं?"

"मी? मी कधी म्हणालो?"

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. ड्रमरने काठ्या हळूच मांडीवर ठेवल्या.

सुरुवातीला ते जवळजवळ हसलेच. हे तू म्हणाला होतास? नाही. मग ते? तेही नाही. एकेक निरोप ते उलटून बघत गेले आणि मी मान हलवत गेलो. पण उलटून बघताना मूळचे शब्दही वर आले. घरी बस. त्याची बोटं. हसू थांबलं. गायकाचा चेहरा मला अजून दिसतो. रागाचा नव्हता तो.

"इतके महिने मी त्या दाराकडे बघून गातोय," तो मला म्हणाला. "पलीकडे कोणी नव्हतं."

"बँड टिकावा म्हणून केलं रे."

"तू जा आता," गिटारवाला म्हणाला. त्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं होतं.

मी बेस खोळीत घातला, पाठीवर अडकवला आणि माझ्या एम-एटी मोपेडला किक मारली. तीन किकांत लागली नाही. चौथ्या किकेपर्यंत मावशी अंगणात येऊन उभ्या होत्या. त्यांना काय झालं ते कळलंच नव्हतं. "पेढा तरी घेऊन जा," त्या म्हणाल्या.

पुढचे शुक्रवार वाईट गेले. भोंगा व्हायचा आणि जायला कुठे नसायचं. मी गंगापूर रोडने धरणापर्यंत जायचो आणि गाडी बंद न करता परत फिरायचो. एका शुक्रवारी राहवलं नाही. हॉटेलात गेलो, पार्किंगजवळच्या टेबलावर सोडा मागवून बसलो. बँड बेसशिवाय वाजवत होता. एकाही माणसाने मान वर करून काही कमी आहे का बघितलं नाही. मी ऐकत होतो. ड्रमर पायाचा ठोका जास्त जोरात मारत होता आणि गाणी पळत होती. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. सोडा अर्धा टाकून निघालो.

पुढच्याच शुक्रवारी ड्रमर द्वारकेहून सरळ आमच्या गेटवर आला.

"चल भाई."

"त्यांनी बोलावलंय?"

"नाही. कोणी बोलावलं नाही. मी घेऊन चाललोय." रिक्षा थांबवून ठेवलेली होती. "लेकिन एक शर्त. यापुढे तू कुणाचं काही कुणाला सांगायचं नाही. ज्याला बोलायचंय तो तोंडावर बोलेल."

वाटेत मी घरून बेस घेतला. ड्रमरने तीच अट प्रॅक्टिसच्या खोलीत सांगितली आणि दोघांनी मान हलवली. मला परत घेतलं असं कोणी म्हटलं नाही. गिटारवाल्याने फक्त माझ्या अँपची वायर शोधून दिली.

त्या दिवशी दोघं पाऊण तास भांडले. मी खोलीच्या भिंतीला टेकून होतो. दर वाक्याला माझ्या मनात त्याचं मऊ वाक्य तयार व्हायचं आणि मी ते गिळायचो. आणि संध्याकाळी आम्ही कधी नव्हे इतकं चांगलं वाजवलं. दोघं एकमेकांकडे बघत होते, एकमेकांना अडवत होते, जागा सोडत होते. मालकांनी आतून येऊन दोन गाणी उभ्याने ऐकली. रिक्षात बसल्यावर ड्रमर म्हणाला, "देखा? भांडू दे त्यांना."

पण ते भांडण गाण्याच्या पट्टीवर येऊन अडायचं, दर आठवड्याला. गिटारवाला म्हणायचा, पांढरी दोन झालं, आता काळी एक मागतोस, किती खाली जाणार? गायक म्हणायचा, तुला जमत नसेल तर सांग. एका शुक्रवारी गायक माझ्याकडे वळला. "तू सांग. खरं सांग. माझा सूर उतरतोय का?"

मला खरं सांगायची सवय राहिली नव्हती.

"हो," मी म्हणालो. "वर्ष झालं."

"वर्ष?"

"पहिल्यांदा त्याने मला सांगितलं तेव्हाच उतरत होता."

त्याने घसा चाचपला. पुढच्या आठवड्यात तो डॉक्टरांकडे गेला. स्वरयंत्रावर गाठी होत्या. साध्याच होत्या, पण जुन्या झाल्या होत्या. आधी आला असतात तर नुसत्या विश्रांतीने भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. हे त्याने मला कागदावर लिहून दाखवलं, कारण त्याला बोलायची बंदी होती. काउंटरच्या जाळीतून तो कागद त्याने पुढे सरकवला आणि मी वाचल्यावर परत घेतला. मागे लोकांची रांग होती.

ऑपरेशन झालं. बोलणं परत आलं, वरचे सूर आले नाहीत. बँड आपोआप संपला. गिटारवाला जहाजावरच्या बँडमध्ये वाजवायला गेला. ड्रमरने मालेगावात स्वतःचे चार माग टाकले आणि ड्रम विकून टाकला. मी वाजवत राहिलो. दोन हजारनंतर गंगापूर रोडवर खरोखरचे पब सुरू झाले, तिथे माझ्या निम्म्या वयाच्या पोरांबरोबर मी बेस धरला. ती पोरं मोबाइलवरून भांडायची. कोणी माझ्याजवळ येऊन "काका, त्याला जरा सांगा ना" म्हटलं की मी गाडीत काहीतरी विसरल्याचं सांगून बाहेर जायचो.

गायक मला एकदा कॉलेज रोडवर भेटला. भाजीची पिशवी हातात, आवाज घोगरा, पण तब्येत उत्तम. लहान मुलांना गाणं शिकवतो म्हणाला. आम्ही उसाचा रस घेतला. मी कितीतरी वर्षं जे म्हणायचं राहिलं होतं ते म्हणालो, की माझ्यामुळे तुझा गळा गेला.

तो हसला. "मला माहीत होतं रे. तुमच्या सगळ्यांच्या आधी. आपला सूर आपल्याला कळत नाही का?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"कोणाशी बोलणार होतो? सगळं इतकं छान चाललं होतं. दर आठवड्याला तू काहीतरी चांगलं घेऊन यायचास."

त्याने ते चिडून म्हटलं नाही. रसाचा ग्लास ठेवला, मुलं यायची वेळ झाली म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला. मी त्याच्या मागे दोन पावलं गेलो, थांबलो. रसवाल्याने विचारलं, "अजून एक देऊ का?" मला नको होता, तरी मी हो म्हणालो, आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला.