आईच्या कॉम्प्युटरला खटारा म्हणू नका

आईने त्या नव्या कॉम्प्युटरवर एक ओळसुद्धा टाईप केली नाही.

हे आजच लिहायचं नव्हतं. आज आईला जाऊन वर्ष झालं.

सकाळी सव्वानऊला मी तिच्या जुन्या सीपीयूचं झाकण काढून ब्रशने धूळ झटकत होतो. शेजारी नवा कॉम्प्युटर चालू होता. त्यावर दादाची पोस्ट दिसली.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. ठाण्याला असतो.

फोटोत आई नव्या कॉम्प्युटरसमोर बसली आहे. मॉनिटरला लाल रिबीन. खाली दादाने लिहिलंय, "आईचं काम सोपं केलं, एवढंच समाधान."

त्याखाली मामींची कमेंट. "तू एवढा नवा दिलास रे. धाकट्याने मात्र शेवटपर्यंत तिला त्या खटाऱ्यावर राबवली."

धाकटा म्हणजे मी.

मामी, तुम्ही वडीलधाऱ्या आहात. पण आज ऐकून घ्या.

पोलादपुरात आईला सगळे टायपिंगवाल्या बाई म्हणायचे. आधी टाईपरायटरचं मशीन होतं, नंतर कॉम्प्युटर आला. लग्नपत्रिका, अर्ज, आणि आजूबाजूच्या शाळांचे परीक्षेचे पेपर. ती टाईप करायची, मी मोठ्याने वाचून चुका शोधायचो. बारावी मी अर्ध्यावर सोडली. ऱ्हस्व-दीर्घ मात्र त्या खोलीत शिकलो.

कॉम्प्युटर स्लो होता. खोटं कशाला सांगू?

आई बटण दाबायची आणि चहा ठेवायला जायची. चहा उकळून, गाळून, कप घेऊन ती परत येईपर्यंत स्क्रीनवर चित्रं उमटत असायची.

"आई, केवढा वेळ लावतो हा!"

"लावू दे. मला काय विमान पकडायचंय?"

मग एका गणपतीत दादा नवा घेऊन आला. जुना त्याने महाडच्या दुकानात एक्स्चेंजला दिला. पंधराशे रुपये सूट मिळाली.

जुन्याच्या मागे अंगठ्याएवढा एक डाँगल होता. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्याच्याशिवाय चालत नाही. तोही जुन्याबरोबर गेला. मी तेव्हा विसर्जनाला नदीवर होतो. परत आलो तर टेबलावर नवा, आणि दादा फोटो काढतोय.

दादा परत गेल्यावर आईने नव्यात कॉपी केलेली जुनी फाईल उघडली. मराठीच्या जागी कंस, टिंबं आणि कसलीतरी इंग्रजी अक्षरं.

तिने फाईल बंद करून पुन्हा उघडली. मग म्हणाली, "हे काय माझं आहे?"

दादाला ठाण्याला फोन लावला.

"अगं, आता नवीन सॉफ्टवेअर येतात. शिकून घे. दोन दिवसांचं काम!"

"पेपर सोमवारी द्यायचेत रे. आणि ह्याचा कीबोर्ड वेगळा. जुन्यावर अक्षरं मशीनसारखीच होती, माझ्या बोटांना तीच पाठ आहेत."

"बोटांना काय, सवय होते."

आयुष्यभर न बघता टाईप करणारी बाई त्या दिवशी एका बोटाने 'क' शोधत होती. मी पाहिलंय. दादा, तू नाही.

शनिवारी शाळेचा शिपाई आला. दारातच उभा राहून म्हणाला, "बाय, रागावू नका. गुर्जी बोललं, तुमच्याकडं जमत नाय तर कागद परत आन. महाडला देतो."

आईने गुरुजींच्या हस्ताक्षरातले ते कागद नीट जुळवले, टाचणी लावली आणि दिले. मग पदराने टेबल पुसलं. टेबल स्वच्छच होतं.

हेच ते सोपं केलेलं काम.

मी तसाच स्टँडवर गेलो, मिळाली ती एस.टी. पकडली. चवदार तळ्यापाशी उतरून धावत दुकान गाठलं. आमचा सीपीयू अजून कोपऱ्यात होता. डाँगल मागे तसाच.

"अडीच हजार होतील," दुकानदार म्हणाला.

"तुम्ही तर पंधराशेला घेतलात!"

"सर्व्हिसिंग केली ना, भाऊ."

सर्व्हिसिंग! मागच्या दसऱ्याला आईने लावलेलं हळदकुंकूसुद्धा अजून त्याच्या कपाळावर होतं. तुम्ही फडकं तरी मारलंत का, असं विचारलं मी. त्यांनी पावती फाडली. पैसे मात्र अडीच हजारच घेतले. कॉम्प्युटर जरा वेगाने चालावा म्हणून नवी रॅम घेतली, तिचे निराळे.

येताना तो चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला. कंडक्टर म्हणाला, "काय रे, लेकराला वारा लागतोय काय?" सगळी गाडी हसली. मी नाही हसलो.

त्या रात्रीच रॅम टाकली, पंखा साफ केला, नको ते प्रोग्रॅम काढले. रविवारी सकाळी गुरुजींच्या घरी जाऊन कागद परत मागून आणले. सोमवारी पेपर वेळेवर गेले.

कॉम्प्युटर आता निम्म्या वेळात चालू व्हायला लागला. आईची तक्रार काय असावी?

"काय करून ठेवलंस रे? माझा चहा अर्धाच उकळतोय."

पुढची दोन वर्षं तिने त्यावरच काम केलं. आजारी पडायच्या आदल्या दिवशीही एक पत्रिका पूर्ण केली.

नव्याला मी वाईट म्हणत नाही. ही पोस्ट त्याच्यावरूनच लिहितोय. इंटरनेटला तो छान आहे. पण आईला काय हवंय, हे तिला कोणी विचारलं होतं का? टेबल तिचं, बोटं तिची, गिऱ्हाईकं तिची. निर्णय तेवढा आपला?

मामी, मी तिला राबवली नाही. ती काम करत होती. ह्या दोन्हींत फरक असतो.

दादा, फोटो राहू दे. त्यात आई सुंदर दिसते. फक्त खालची ती ओळ काढ.

आई, धूळ काढून झाली. झाकण लावलं. कुंकू पुसलेलं नाही.

बटण दाबलंय. चहा ठेवायला जातो.

तुला नमस्कार.