पऱ्हाटीतला सांभार

"काकू, माय गेली," एवढंच पुतण्या फोनवर बोलला. कुसुमताई, माझी मोठी जाऊ. आता दोन महिने होतील, पण तिची आठवण आली की रडण्याआधी हसू फुटतं आणि तोंडाला पाणी सुटतं. काय करणार, बाई होतीच तशी.

लग्न होऊन मी पुण्याहून देऊळघाटला आले, त्याच आठवड्यात ताईने सांगितलं, पाहुणे येताहेत, सांभारवडी करायची, तू सांभाराचं बघ. मी उत्साहाने तुरीची डाळ शिजवली, शेवगा घातला, चिंच कोळली. ताईने पातेल्यावरचं झाकण उचललं आणि हसून हसून खालीच बसली. "अवं बाई, सांभार म्हन्जे कोथिंबीर." मग हसतहसतच तिने कोथिंबिरीच्या ढिगात तीळ, खसखस, खोबरं, लसूण घातलं, बेसनाच्या पारीला आतून चिंचगूळ लावला, सारण भरून वडी कढईत सोडली. पहिला घास… अहाहा! वर कुरकुरीत, आत अख्खा मळा! तेलाच्या लोभाने पोरं पालाही खातात, हे ताईचं आहारशास्त्र. तळलेल्याला नाक मुरडणारी मी पहिल्या घासालाच बाटले.

पुढे बीटी बियाणं आलं आणि गावाला कापसाचं वेड लागलं. तूर गेली, तीळ गेला, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पार अंगणाला टेकली. विहिरीजवळचा सांभाराचा तुकडाही मोडायला मोठे दीर निघाले, तेव्हा ताई आडवी आली. "पोरायच्या ताटात पऱ्हाटी वाढू काय? तो तुकडा माहा हाय. त्याले हात लावू नोका." दर पेरणीला हेच भांडण, आणि दरवेळी जिंकायची तीच. बोंडअळीने रडवलं त्या सालीही तिची कढई तापलीच. ईदला शेजारच्या भाभींकडून समोशांची ताटली यायची, ती वड्या घेऊनच परत जायची.

तेरवीला गेले तेव्हा पेरणी तोंडावर होती आणि माझ्या मनात एकच धाकधूक… आता तो तुकडा जाणार. अडवायला कोण उरलंय? पुतण्याने विचारलंच, "बाबा, हिरीजवळबी बीटीच लावाची ना?"

दीरांनी अंगणात फडकं पसरलं, त्यावर धने ओतले आणि पेरण्याआधी फोडतात तसे चपलेखाली रगडू लागले.

"तुही माय नाही म्हन्ते," ते म्हणाले.