फाटकापाशी थांबलेली बैलगाडी

समोरच्या घराच्या खिडक्यांना आज सकाळपासून रंग लावणं चालू आहे. टर्पेंटाइनचा उग्र, डोक्यात शिरणारा वास माझ्या व्हरांड्यापर्यंत येतो आहे. लातूरच्या आमच्या या कॉलनीत कुणाचं ना कुणाचं रंगकाम निघालेलंच असतं, तेव्हा त्यात नवल नाही. पण या वासाने मला आता खिडक्या आठवत नाहीत. आठवते नांदेडच्या एका घरातली माडीवरची खोली, आणि त्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेलं, कमरेएवढ्या उंचीवरचं एक रेल्वे स्टेशन. ते माझ्या मित्राने स्वतःच्या हातांनी केलं आहे, आणि गेली कित्येक वर्षं मी त्याच्यावर मनापासून जळतो आहे.

जळण्याची सवय तशी जुनीच. त्याचे वडील स्टेशनमास्तर होते, लातूर रोड जंक्शनहून उदगीरकडे जाताना लागणाऱ्या एका लहानशा स्टेशनावर. माझे वडील शेतकरी, देवणीकडचे. मी शिकायला उदगीरला होतो, आणि सुट्टी संपली की वडील मला बैलगाडीने त्या स्टेशनावर आणून पोचवायचे. आम्ही दोघं एकाच वर्गात. त्याच्या अंगणाला लागून रूळ, आणि इंजिनाचा ड्रायव्हर त्याला नावाने हाक मारायचा. आमच्या अंगणाला लागून शेणाचा उकिरडा. वडिलांचं काही केल्या वेळेवर निघणं व्हायचं नाही. मग स्टेशनात पॅसेंजर येऊन उभी असायची, आणि मास्तर फलाटाच्या टोकाला जाऊन कच्च्या रस्त्यावरची धूळ बघायचे. "जरा थांबा. देवणीकडची गाडी येऊन राहिली," असं गार्डला सांगून ते खुशाल उभे राहायचे. आम्ही पोचलो, मी डब्यात चढलो, की मगच सिग्नल पडायचा. यात कृतज्ञ होण्यासारखं पुष्कळ होतं. पण मला आठवतो तो हेवाच. याचा बाप अख्खी आगगाडी थांबवतो आणि माझ्या बापाला दोन बैल हाकता येत नाहीत, असं मला तेव्हा वाटायचं. आज ते लिहितानाही लाज वाटते.

निवृत्त झाल्यावर मी सकाळी फिरायला लागलो आणि त्याने हे स्टेशन मांडायला घेतलं. प्लायवूडवर रूळ अंथरले. गोदावरीची वाळू तीन-तीनदा चाळून रुळांखालची खडी केली. तुरीच्या काड्यांचे तारेचे खांब केले. चहाचा चोथा वाळवून, हिरवा रंगवून फलाटावरच्या कडुनिंबाला पानं लावली. मास्तरांच्या क्वार्टरपुढे एक बाज टाकलेली आहे आणि बाजेवर कुरडया वाळताहेत. सुईच्या टोकाने डिंकाचा एकेक थेंब ठेवून त्याने त्या पाडल्या. खोलीच्या एका कोपऱ्यात बोगदाही आहे. आमच्या त्या सपाट मुलखात बोगदा कुठला! "गाडी कुठून तरी यावी लागते की न्हाई?" असं तो म्हणतो. गाडी त्यातून बाहेर पडली की सिग्नलचा हात दोऱ्याने खाली येतो, आणि ती फलाटाला लागते. आठवणी माझ्याकडेही आहेत. पण माझ्या नुसत्या आहेत, आणि त्याच्या चालतात.

या सगळ्यात माझं आवडतं ठिकाण म्हणजे फाटक. तिथे एक बैलगाडी थांबलेली आहे. आवडतं अशासाठी, की अख्ख्या मांडणीत मला सापडलेली तेवढी एकच चूक तिथे होती. बैल पांढरेफटक होते, खुरांपासून शिंगांपर्यंत. आता देवणीकडच्या गाडीला मित्राने असे कोरे बैल जुंपावेत? अंगभर काळे ठिपके असले की आमच्याकडे त्याला शेवरा म्हणतात, तोंडाची बाजू काळी असली की वानेरा, आणि आमच्या गाडीला एक शेवरा नि एक वानेरा होता. पहिल्यांदा ते पांढरे बैल पाहिले तेव्हा माझ्या जिवाला केवढा थंडावा मिळाला! मी चकार शब्द काढला नाही. घरी येऊन बायकोला मात्र रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "मग सांगा की त्यांना." मी म्हणालो, "सांगू कधीतरी." ते कधीतरी मी वर्षानुवर्षं पुढे ढकललं. नांदेडला गेलो की आधी फाटकापाशी जायचं, बैल अजून पांढरेच आहेत ना ते बघायचं, आणि मग मोठ्या मनाने बाकीच्याची तारीफ करायची, असा माझा नेम झाला.

मागच्या दिवाळीनंतर गेलो तेव्हा वहिनी जिन्यातच भेटल्या. "भाऊजी, त्यांचे हात लई थरथरून राहिलेत आता. तुम्ही विचारू नका बरं," म्हणाल्या. मी वर गेलो. खोलीत टर्पेंटाइनचा वास होता. गाडी फलाटाला उभी होती, आणि त्याने माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती, फाटकासमोर. पुढ्यात काळ्या रंगाची डबी आणि चार केसांचा ब्रश.

"बस," तो म्हणाला. "एवढे बैल राहिलेत. तुमच्या बैलाचे ठिपके मी कसे काढू? ते तुझे हायत. म्हटलं, तू आपणहून म्हणशील कधीतरी, म्हणून कोरे ठेवले."

ज्या चुकीवर मी इतकी वर्षं पोसलो, ती चूक नव्हतीच. ती माझ्यासाठी धरून ठेवलेली जागा होती. मी ब्रश उचलला, रंगात बुडवला, बैलावर नेला आणि तिथेच थांबलो. वडील शेवरा डावीकडे जुंपायचे की उजवीकडे? वानेऱ्याचं तोंड दोन्ही बाजूंनी काळं होतं की एकाच? वडिलांच्या पाठीमागे बसून तासन्‌तास मी त्या बैलांकडे पाहिलं असेल. पण मान वर करून मी बघत होतो तो दूरचा इंजिनाचा धूर. ब्रशवरचा रंग वाळायला लागला.

"आठवंना," मी म्हणालो. त्याच्यापुढे हे कबूल करणं मला फार जड गेलं.

"हाव, मग आठव की सावकाश," तो म्हणाला. "गाडी थांबवतो मी."

तो तसा बोलला, आणि सिग्नलचा दोरा त्याने खिळ्याला अडकवून टाकला.

वडिलांना विचारावं तर ते आता नाहीत. बहिणीला फोन केला, तर ती म्हणते दोन्ही शेवरेच होते. त्यानंतर दोनदा नांदेडला जाऊन आलो. बैल अजून कोरे आहेत, आणि गाडी फलाटाला उभी आहे. त्याचा हेवा अजूनही वाटतो, खोटं कशाला बोलू? फक्त आता तो रुळांचा नाही, बोगद्याचा नाही, चालत्या आठवणींचाही नाही. आपल्याला उशीर करणाऱ्या माणसासाठी इतका वेळ थांबता येणं, ते त्याला बापाकडून मिळालं आहे. माझ्या बापाने मला जे दिलं, ते माझ्या डोळ्यांसमोर गाडी ओढत होतं, आणि मी त्याच्याकडे पाहिलं नाही.