भांडायला समोर माणूस

"साहेब कोन शे आठे?"

बँकेच्या दारात चपला काढता काढता अक्का हे विचारायच्या. साहेब कोण, ते त्यांना पक्कं माहीत असायचं. जळगावातल्या मेहरूणच्या आमच्या शाखेत माणसं चार, त्यातला एक काचेच्या खोलीत बसलेला, तोच साहेब. पण प्रश्न सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात टाकायचा, मग पासबुक काउंटरवर आपटायचं आणि मग बोलायला लागायचं, ही त्यांची रीत होती. बँकेत येताना चपला बाहेर काढणारं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही. बँकेशी त्यांच्याइतकं भांडणारंही नाही.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. ती आली की रांगेतले लोक गालात हसतात आणि आतले कर्मचारी एकदम कामात असल्यासारखे दिसू लागतात. मी त्या कर्मचाऱ्यांपैकी एक. अकरा वर्षं अक्कांचं ऐकून घेण्याचं काम माझ्याकडे होतं. सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा. नंतर माझ्या लक्षात आलं की दहापैकी नऊ वेळा बरोबर त्याच असतात.

अक्कांचा वांग्याच्या भरताचा धंदा होता. रस्त्याच्या कडेला पत्र्याची टपरी, बाहेर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग आणि त्या काड्यांवर भाजली जाणारी, फैजपूरकडून येणारी ती पांढरट हिरवी वांगी. नवरा गेल्यावर एका मुलीला घेऊन त्यांनी हे सुरू केलं. मुलीला शिकवलं आणि तिचं लग्नही त्या भट्टीवरच करून दिलं. भाजलेलं वांगं गरम असतानाच सोलावं लागतं, गार झालं की साल चिकटून बसते. तीस वर्षं गरम वांगी सोलून अक्कांची बोटं गुळगुळीत झाली होती. एकही रेघ उरली नव्हती.

आणि बँकेला हवा होता अंगठा.

केवायसीचं फर्मान दर थोड्या दिवसांनी येतं. मशीनवर अंगठा ठेवा, नाही जुळला तर दुसरं बोट ठेवा, हात पुसून पुन्हा ठेवा. अक्का दहाही बोटं ठेवून बघायच्या. दहाही वेळा लाल दिवा. मग साहेब म्हणायचे, आधार केंद्रात जाऊन बोटं अपडेट करून आणा. केंद्रातला माणूस म्हणायचा, बोटंच नाहीत तर अपडेट काय करू? तोवर खातं बंद. अकरा वर्षं जिला रोज पाहतो, जिच्या हातचं भरीत हेच साहेब घरी बांधून नेतात, ती बाई तीच आहे की नाही, हे ठरवायचा अधिकार त्या मुठीएवढ्या मशीनला होता. मला नव्हता.

एकदा साहेब वैतागून म्हणाले, तुमच्यासारख्यांमुळे रांग खोळंबते. अक्कांच्या बोलीत साहेबालाही 'तू'च होता. शांतपणे म्हणाल्या, "मन्हा पैसावर तुन्ही खुर्ची शे."

त्या दिवशी साहेबांनी स्वतः फॉर्म भरून वरिष्ठांची मंजुरी आणली. भांडल्यावर ती मिळते, हे मलाही तेव्हाच कळलं.

पुढे आमची शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली. म्हणजे मेहरूणमधली उचलली आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. माझी बदली धुळ्याला झाली. जाण्याआधीच्या रविवारी अक्कांनी मला टपरीवर बोलावलं. समोर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत ठेवलं आणि विचारलं की ती फोनवरची बँक कशी आहे. टपरीवर आलेल्या कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की अशी एक बँक आहे, तिला शाखाच नाही, सगळं फोनमध्ये. तू आतला माणूस, तू सांग, घेऊ की नको.

मी प्रामाणिकपणे सांगितलं. अंगठा लागत नाही, फोनसमोर चेहरा दाखवला की झालं. रांग नाही. दोन रिक्षा बदलून जायला नको, सकाळ वाया जायला नको. गिऱ्हाइकाने पैसे टाकले की टपरीवरच कळतं. व्याजही जरा बरं. अक्का चौथी शिकलेल्या, पण फोन उत्तम वापरायच्या. ऐकताना एकेक गोष्टीवर मान हलवत होत्या. मग त्यांनी आपली बाजू मांडली.

फार वर्षांपूर्वी त्यांचे पैसे एका पतसंस्थेत बुडायला आले होते. अक्का संचालकाच्या घरी गेल्या आणि त्याच्या ओट्यावर जाऊन बसल्या. चार दिवस बसल्या. तो बाहेर पडला की त्या उठून उभ्या राहायच्या, काही बोलायच्या नाहीत. पाचव्या दिवशी त्याच्या बायकोनेच त्याला सांगितलं की या बाईचे देऊन टाका. सगळे नाही, पण निम्म्याहून जास्त मिळाले. घरी बसलेल्यांना काहीच मिळालं नाही. ही हकीकत सांगून अक्कांनी त्यांचं नेहमीचं वाक्य म्हटलं, "ज्यानासंगे भांडता येस नही, त्यानाजोडे पैसा ठेवाना नही."

मी हसलो. म्हटलं, अक्का, त्यांचा फोन नंबर असतो, दिवसरात्र चालू.

"तो फोन कोन उचलस?"

उचलतं कुणीतरी, असं मी म्हणालो. तो नंबर मी जन्मात कधी फिरवून पाहिला नव्हता. आज ते वाक्य आठवलं की माझाच मला संताप येतो.

अक्कांनी खातं काढलं. चेहरा पडताळायला व्हिडिओवर एक मुलगी आली. अक्कांना पॅनकार्ड धरायला लावलं, डोळ्यांची उघडझाप करायला लावली, जेवण झालं का म्हणून विचारलं. अक्का खूश झाल्या. धुळ्याला मला मुद्दाम फोन करून म्हणाल्या, पोरगी चांगली शे. पुढचं वर्षभर सगळं उत्तम चाललं. मीही शेजारच्या टेबलावर फुशारकी मारली की आमच्या एका भरीतवाल्या अक्कांना मी डिजिटल केलं.

मग मार्गशीर्ष जवळ आला. चंपाषष्ठीला आमच्याकडे घरोघरी भरीत लागतं. अक्कांचा निम्मा धंदा त्या आठवड्यातला. वांगी आधी ठरवून ठेवावी लागतात, शेतकऱ्याला रोख मोजावे लागतात. चंपाषष्ठीला आठ दिवस असताना अक्कांचं खातं गोठलं. पैसे दिसत होते, हलत नव्हते.

झालं होतं असं. कुण्या अनोळखी माणसाने समारंभासाठी मोठी ऑर्डर दिली, पैसे फोनवर पाठवले, भरीत घेऊन गेला. ते पैसे त्याने दुसऱ्या राज्यातल्या कुणाला तरी फसवून मिळवले होते. तिथे तक्रार झाली आणि पैसा जिथे जिथे फिरला तिथली सगळी खाती बंद करण्यात आली. हे आम्हाला नंतर पोलिसांकडून कळलं. तेव्हा फोनवर एवढंच येत होतं की आपले खाते सुरक्षेच्या कारणास्तव मर्यादित करण्यात आले आहे.

अक्कांनी तो दिवसरात्र चालू असलेला नंबर लावला. एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा. शेवटी पुन्हा एक. त्या व्हिडिओवरच्या पोरीला बोलवा म्हणून त्या यंत्राला सांगत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या धुळ्याला आल्या आणि माझ्या काउंटरसमोर उभ्या राहिल्या. यावेळी पासबुक नव्हतं. आपटायला हातात काहीच नव्हतं.

मी सांगितलं की अक्का, ही ती बँक नाही, इथून मला त्यातलं काही दिसतही नाही.

"माले समजस, तू दुसरी बँकना शे. पन भांडाले मानूस ते पाहिजे ना."

त्या माझ्याशी भांडल्या. सगळ्या शाखेसमोर, पाऊण तास. मी मान खाली घालून ऐकलं. आमच्या मॅनेजरांनी विचारलं की बाईंचा आपल्याशी संबंध काय, तेव्हा मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांना घेऊन मागच्या बाकावर बसलो. त्यांच्या फोनमध्ये त्या बँकेला लिहायची एक खिडकी होती. अक्का सांगत गेल्या आणि मी जसंच्या तसं लिहीत गेलो. मी कोण, भट्टी कुठे, वांगी कुणाकडून येतात, नवरा कधी गेला, खातं का काढलं, चंपाषष्ठी कधी आहे. पलीकडून उत्तर आलं, मला समजले नाही, कृपया खालीलपैकी पर्याय निवडा. पर्याय होते नवीन कार्ड, नवीन कर्ज आणि मुदत ठेव.

मला वाटलं, आता अक्का फोन फेकतील. त्या म्हणाल्या, पुन्हा लिही. आम्ही पुन्हा लिहिलं. तेच उत्तर. पाच वेळा लिहिलं. पाचव्या वेळी त्यांचा आवाज उतरला होता. इतक्या वर्षांत तो उतरलेला मी पहिल्यांदाच ऐकला. पलीकडे त्यांचा राग कुणाला लागतच नव्हता. संचालकाच्या ओट्यावर चार दिवस बसणाऱ्या बाईला बसायला ओटाच नव्हता.

त्यानंतर मी जळगावच्या सायबर पोलिसांकडे त्यांच्यासोबत गेलो. तिथल्या हवालदार बाईंनी नीट ऐकून घेतलं, दुसऱ्या राज्यातल्या ठाण्याला पत्र पाठवलं, दोनदा फोन केला. माणूस होता म्हणून काम पुढे सरकलं. पण चंपाषष्ठी निघून गेली. वांगी उधार देतो म्हणून शेतकरी सांगत होता, पण उधारीचा धंदा करणार नाही म्हणून अक्कांनी ऐकलं नाही. ज्या घरांनी तीस वर्षं त्यांच्याकडून भरीत नेलं, ती त्या दिवशी बंद टपरीवरून परत गेली. खातं सुटलं ते पौषात. निरोप आला, आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद. अक्कांनी त्याच दिवशी सगळे पैसे काढून घेतले.

मी माफी मागायला जळगावला गेलो. टपरी उघडी होती. अक्का वांगी सोलत होत्या, वर न बघता माझं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तू खोटं नही सांगं, भाऊ. तुले वाटनं, तठे बी तुन्हासारखा कोनीतरी बठेल व्हई."

यापेक्षा त्या पुन्हा पाऊण तास भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

होळीनंतर त्यांच्या मुलीचा फोन आला. अक्का सकाळी भट्टी पेटवताना छातीत कळ येऊन बसल्या, त्या उठल्याच नाहीत. तिने खात्याचं काही विचारलं नाही, फक्त कळवलं. आई तुमचं नाव घेऊन सारखी बोलायची, एवढं म्हणाली.

आता आमच्या शाखेतही काउंटर दोनच राहिले आहेत. गिऱ्हाइकांना फोनकडे वळवा म्हणून दर महिन्याला पत्र येतं. बैठकीत साहेब सांगतात की तक्रारी कमी झाल्या, लोक समाधानी आहेत. मी समोर बसून दात आवळतो. लोक समाधानी नाहीत. कुणावर ओरडायचं तेच त्यांना सापडत नाही.

परवा साक्रीकडचे एक बाबा आले. टोपी हातात, फोन बंद पडलेला, पेन्शन अडकलेली. दोन महिने हेलपाटे घालतोय म्हणाले. मी मशीनकडे बघत होतो तोवर त्यांनी माझ्यापुढे हात जोडले आणि तुम्हाला त्रास देतोय म्हणून माफी मागितली.

"हात कशाला जोडताय?" मी ओरडलो. "पैसे तुमचे आहेत. भांडा की."

रांगेतले लोक वळून बघू लागले. बाबा घाबरून दोन पावलं मागे सरकले. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते.