पार्वतीआत्याचा माल

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये सुपरवायझरची नक्कल करत होतो. सगळे खिदळत होते, आणि मी एक हात तसाच वर धरून फोन ऐकत राहिलो... महिना झाला त्याला.

पार्वतीआत्या कांदा पिकवायची. लावणीपासून काटणीपर्यंत सगळं तिचं. पण चाकणच्या बाजारात ढिगापाशी उभे राहायचे मामा, म्हणजे आत्याचे मिस्टर. रीतच तशी. लिलाव एकेका ढिगापाशी थांबत पुढं सरकतो, अडत्या नाव विचारतो, आणि ज्याचं नाव त्यानंच भाव पटला नाही तर नाही म्हणायचं. मामा पडले भिडस्त. मिळेल त्या भावाला मान डोलवायचे, आणि आत्या टेम्पोत बसून धुमसायची.

एकदा मामा तापानं पडले, म्हणून आत्या आणि मी माल घेऊन गेलो. अडत्या आला.

"मावशी, शेतकऱ्याचं नाव सांगा."

"पार्वती."

"तुमचं न्हवं, शेतकऱ्याचं."

"त्येच सांगितलं की."

माणसं हसली. अडत्या माझ्याकडं वळला, "भाऊ, तुम्ही सांगा." मी जन्मात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं, कारण आत्या बघत होती. आमचा ढीग सोडून लिलाव पुढं गेला. आत्या काही हलेना. बाजार रिकामा व्हायला लागला तसा अडत्या वैतागून परत आला आणि ओरडला, "पार्वतीबाईंचा माल!" भाव निघाला. आत्या म्हणाली, "देत न्हाई."

सगळा कांदा परत भरला राव!

वाटेत विचारलं, "आत्ये, भाव बरा होता की गं?"

"व्हय, चांगला व्हता."

"मग?"

"बघू म्हनलं, माझं ऐकत्यात का."

पुढच्या बाजाराला तोच कांदा तिनं कमी भावात दिला, तोही हसत. तेव्हापासून ढिगापाशी तीच. मी घरी गेलो की म्हणायची, "त्यो अडत्या कर रं, मेल्या." एकदा मधेच थांबवून विचारलं, "तुमच्या कंपनीतल्या बायांचं ‘न्हाई’ ऐकत्यात का रं?" मी अजून बघतोय, आत्ये...

परवा तिचा शेवटचा कांदा बाजारात नेला. मामा, त्यांची सून वैशाली आणि मी. लिलाव जवळ आला तसे मामा म्हणाले, "मी जरा चहा घेऊन येतो." मामांनी चहा सोडून वर्षं झाली. हे असं बाजूला व्हायचं आत्यानं सांगून ठेवलेलं, की त्यांना आपसूक सुचलं, कुणास ठाऊक.

"माल कुणाचा?"

वैशालीनं मागं वळून पाहिलं. मग म्हणाली, "माझा."

मामा टपरीच्या आडून मान काढून बघत होते. हातात कप नव्हताच.