कडी लावून वाचलेले धडे

माजा धाकटा भाऊ धनाजी वाचायला बसला की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा तसाच गार होतो. वेल्ह्याकडच्या आमच्या गावात श्रावणात देवळात पोथी लागते, ती धनाच वाचतो. कर्णा लावतात, पण त्याला कर्ण्याची गरज न्हाई. ओढ्यापलीकडं खाचरात वाकलेल्या बायांनाही शब्द न् शब्द ऐकू जातो. अंबूबाई म्हातारीला डोळ्यांनी काय दिसत न्हाई. ती खांबाला टेकून ऐकते आन् वर सांगते, म्या समदी पोथी वाचली. तिला कुणी हसत न्हाई. पोथी ऐकणं म्हंजे वाचणंच, असं आमच्याकडं धरलेलं हाय.

असा हा नावाजलेला वाचणारा, आन् सवताच्या लेकीला वाचून दाखवायचं तर दाराला कडी.

शिवानी त्याची एकुलती पोर. बारावीच्या सुमाराला तिची नजर मंदावली. आधी तिन्हीसांजेला ठेचकाळायची, मंग फळ्यावरचं दिसंना, मंग पुस्तकातलं. पुण्याच्या डॉक्टरनं सरळ सांगितलं, हे वाढत जाणार, चष्म्यानं थांबायचं न्हाई. धनानं ते ऐकलं आन् गावात येऊन सांगितलं, पोरीला नंबर लागलाय.

तरी पोरगी भोरच्या कॉलेजात गेली. नसरापूरपतुर एक एसटी, तितनं दुसरी. गावातली छाया संगं असायची, तिच्या कोपराला धरून ही चालायची. लोकांना वाटायचं, काय गूळपीठ हाय दोघींचं! अभ्यास मोबाईल करून घ्यायचा. छापील पुस्तक त्यात आलं की त्यातली बाई धडाधडा वाचून दाखवायची, कढईत लाह्या फुटाव्यात तशी. मला त्यातलं एक अक्षर कळायचं न्हाई, शिवानीला समदं कळायचं. पण मास्तर लोक हातानं लिहिलेल्या नोट्सचे फोटो काढून पाठवायचे. तितं मोबाईलची बाई नुसतं ‘फोटो’ म्हणायची आन् गप बसायची.

पहिल्या वर्षी शिवानी दोन विषयांत गेली. अभ्यास पक्का होता, पण पेपरात एका ओळीवर दुसरी ओळ लिहून बसली. तपासणाऱ्याला काय वाचता येणार, कपाळ? कॉलेज लेखनिक द्यायला तयार होतं. पोरीनं सांगायचं आन् त्यानं लिहायचं. मोबाईलला वाचता येतील अशी पुस्तकंही मिळणार होती. फकस्त डोळ्यांचा सरकारी दाखला लागत होता. शिवानी बापाच्या मागं लागली. धना म्हणला, आधी लग्न ठरू दे. उत्रोलीचं स्थळ आलं होतं, पोरगा नोकरीला, घरची भातशेती. दाखला काढला की गावभर बोभाटा, आन् मंग कोण करतंय?

वर कुणी विचारलं की पोरगी नापास कशी झाली, तर हा हसून सांगायचा, डोकंच चालत न्हाई तिचं. म्या एकदा माज्या कानांनी ऐकलं. पोर आतच बसली होती. माज्या अंगाचा तिळपापड झाला. घरात नेऊन असा धुतला त्याला की भावजय मधी पडली. धनानं मान खाली घालून ऐकून घेतलं, पण दाखल्याचं नाव काढलं न्हाई.

माया नव्हती असं म्हणू नका. दिवेलागणीला रोज तिच्या नोट्स घेऊन बसायचा. दाराला कडी घालायची, भावजयीनं टीव्ही मोठा करायचा, आन् ह्यानं भिंतीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात वाचायचं. शिवानी मोबाईल मधी ठेवून ते भरून घ्यायची, परत परत ऐकायला.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा जवळ आली तवा भोरवरनं फोन आला. कॉलेजातल्या डोळ्यांनी अधू पोरांचं बघणाऱ्या गायत्री मॅडम म्हणल्या, एकदा येऊन जा. धनाचा चेहराच उतरला. त्याला वाटलं, आता समदं बाहेर पडणार. एकट्याला जायचा धीर होईना, मला म्हणला, अक्का, चल संगं. नसरापूरला चहा घेतला आन् तसाच ठेवला.

कॉलेजात बघतो तर शाल आन् नारळ! मॅडमनी बसायला खुर्ची दिली, म्हणल्या, तुमच्या शिवानीनं तुमी वाचलेले धडे ह्या पोरांना दिलेत, वर्षभर समदे त्याच्यावरच अभ्यास करतात. शिवानीसंगं चार-पाच पोरं बसली होती, कुणाला मुळीच दिसत न्हाई, कुणाला अंधुक. धनाच्या अंगावर शाल पडली. मॅडमनी कौतुकानं मोबाईलवर एक धडा लावला.

आधी कडी वाजली. आमच्याच घरची, म्या ओळखली. मंग टीव्हीवरच्या मालिकेचं रडगाणं. आन् त्याच्याखाली, चोरानं बोलावं तसा, माज्या भावाचा आवाज. देवळात गाजणारा गळा तितं कुजबुजत होता. धनाचे कान लाल झाले. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पानशेतकडचा सम्राट म्हणून एक पोरगा होता, जन्मापासनं न दिसणारा. त्यानं धनाच्या खुर्चीच्या रोखानं तोंड केलं आन् लई अदबीनं विचारलं, “काका, वाचता झ्याक तुमी. पण दर धड्याआधी ती कडी कशाला लावता?”

धना तोंड उघडायच्या आत शिवानीच बोलली, एका दमात, ठरवून ठेवल्यासारखं.

“कुत्रं येतं घरात. म्हणून लावतात आण्णा.”

आमच्या आळीत कुत्रं न्हाई. लेकीनं बापाची अब्रू झाकली, ज्या बापानं तिला गावभर ढ ठरवलं त्याची. धना नारळ घट्ट धरून बसला होता. तो खाली ठेवला, शाल काढून त्याच्यावर ठेवली.

“कुत्रं न्हाई, बाळा,” तो म्हणला. “माज्या पोरीला दिसत न्हाई ह्याची मला लाज वाटत होती. म्हणून लावायचो.”

शिवानीनं तोंड फिरवलं. मॅडमनी धडा बंद केला आन् पाणी मागवलं. मंग धनानंच विचारलं, दाखल्याला कुठं जायचं?

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात बाप-लेक हेलपाटे मारत राहिले. दाखला परीक्षेआधी हातात आला, लेखनिकही ठरला. उत्रोलीला धनानं सवता जाऊन सांगितलं. त्यांनी चहा पाजला आन् नंतर फोन उचलला न्हाई. घरी येऊन धना मला म्हणला, अक्का, त्यांना काय बोलू, म्या तरी वेगळं काय केलं?

समदे धडे परत मोठ्यानं वाचून देतो म्हणला. शिवानीनं ऐकलं न्हाई. परीक्षा तोंडावर आलीय, आन् त्याच आवाजात पाठ झालंय, आता बदललं तर माजा घोळ होईल, म्हणली. नव्या नोट्स तेवढ्या तो ओट्यावर बसून वाचतो, पोथीच्या आवाजात.

जुने धडे ती आता ओट्यावरच बसून ऐकते, मोबाईल मोठा करून. अंबूबाई येऊन भिंतीला टेकते. तिला काय पोथी आन् काय कॉलेजचं, समदं सारखंच गोड. पण दर धड्याला आधी कडी वाजते, आन् दर खेपेला म्हातारी दचकून दाराकडं तोंड करते.

“दार कुणी लावलं रं?”

दार सताड उघडं असतं. शिवानी कायतरी सांगायला जाते, पण धना तिला बोलू देत न्हाई.

“म्या लावलं, काकी,” तो म्हणतो.