एकाच कॉर्डवर वाजवणारा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं, कारण सांगितलं की मी खोटा ठरतो. ठरू दे.

नांदेडला माझी बँड पार्टी होती. वरात चौकात थांबली की कीबोर्डवाला एकच कॉर्ड, म्हणजे तीन-चार सुरांचा एकत्र दाबलेला मेळ, धरून ठेवायचा आणि आमचा मुखेडचा सॅक्सोफोनवाला त्यावर मनाचं वाजवायचा. मुद्दाम कॉर्डबाहेरचा सूर लावून लोकांना बेचैन करायचा, मग सावकाश जागेवर आणायचा. मध्येच गप्प व्हायचा, तेव्हा नाचणारे पायही थबकायचे.

औशाच्या एका वरातीत नवरीचा मामा माझ्याकडे तणतणत आला. "मास्तर, गाणं वाजवा की. पिऊन आलाय का ह्यो?"

"हाव मामा, जरा जास्तच झालीय त्याला," मी म्हणालो.

सॅक्सोफोनवाल्यानं ते ऐकलं आणि सॅक्सोफोन पेटीत ठेवला. तो दारूला शिवत नव्हता. पण बेवडा हे नाव लातूरपर्यंत पोचलं आणि त्याला कुणी बोलावेना.

आता मी मोबाईलवर जॅझ नावाचं अमेरिकेतलं संगीत ऐकतो. तिथंही एकाच कॉर्डवर असंच वाजवतात आणि लोक मान डोलावतात. ज्यांना आजही त्याचं ते वाजवणं बेवड्याचा गोंधळ वाटतं, त्यांनी माझ्यासमोर येऊन बोलावं. तो पूर्ण शुद्धीत वाजवत होता आणि आमच्यात खरं वाजवणारा तो एकटाच होता.

गेल्या वर्षी मुखेडला त्याच्या घरी गेलो. त्यानं चहा दिला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी पाऊसपाण्याचं बोललो आणि एसटी धरली. "भाऊ, मामाला भिऊन मी खोटं बोललो, मला माफ कर," एवढंच म्हणायचं होतं.